साउथडेल : गाडीच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत

मॉलचा नकाशा हातात आला की दुकानं मी नंतर बघतो. आधी लाल पेन्सिल घेऊन दोन रेघा ओढतो. पहिली, गाडी लावून उतरलेला माणूस दुकानाच्या दारापर्यंत कुठून चालत जाणार त्याची. दुसरी, बसमधून किंवा रिक्षातून उतरलेली बाई रस्त्यापासून त्याच दारापर्यंत कशी पोहोचणार त्याची. बहुतेक नकाशांत पहिली रेघ गाड्यांच्या वाटेतूनच जाते आणि दुसरीला तर जागाच सापडत नाही. गाडी किती त्रिज्येत वळेल, बे (एका गाडीसाठी आखलेली जागा) किती रुंद हवा, रॅम्पचा उतार किती, याचा हिशेब सेंटिमीटरपर्यंत केलेला असतो. चालणाऱ्याचं मात्र 'जाईल तो कडेकडेनं' एवढ्यावर भागवलेलं असतं.

ही सवय आली कुठून हे शोधत मागे गेलो तर आपण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोहोचतो, मिनियापोलिस शहराच्या नैऋत्येला असलेल्या ईडायना या उपनगरात. इथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल सेंटर उघडलं. पूर्ण बंदिस्त आणि आतली हवा यंत्रांनी सांभाळलेला असा हा पहिला मॉल, आणि तो आजही चालू आहे. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन. विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण आवर्जून सांगतो, कारण ग्रुएन चालणाऱ्याचा कैवारी होता. गाड्या एकीकडे आणि माणसं एकीकडे, हा त्याचा ध्यास होता. तरीही त्याच्याच हातून अशी मांडणी जन्माला आली, जिने पुढच्या काळात चालणाऱ्याला गाड्यांच्या मैदानात एकटं सोडलं. हे कसं घडलं ते त्याच्या हेतूंत शोधून सापडत नाही. नकाशात सापडतं.

व्हिएन्नाचा माणूस, मिनेसोटाची थंडी

ग्रुएनचा जन्म १९०३ चा, व्हिएन्नातला. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ज्यू असल्यामुळे त्याला देश सोडावा लागला आणि तो न्यूयॉर्कला आला. सुरुवातीला दुकानांचे दर्शनी भाग सजवण्याची कामं केली. डोळ्यांत मात्र व्हिएन्ना होतं. तिथले चौक, कॉफीची दुकानं, काही घ्यायचं नसतानाही रेंगाळणारी माणसं. अमेरिकेत त्याला दिसले ते लांबच लांब रस्ते, दोन्ही कडांना दुकानांच्या माळा, प्रत्येक दुकानापुढे चार गाड्यांची जागा आणि पलीकडच्या दुकानात जायलाही गाडी सुरू करणारं गिऱ्हाईक. याची त्याला मनापासून चीड होती.

साउथडेलच्या आधी, मार्च १९५४ मध्ये, त्याने डेट्रॉइटजवळ नॉर्थलँड उभं केलं होतं. मधोमध हडसन्स हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर, त्याच्याभोवती बैठ्या दुकानांचे पुंजके, पुंजक्यांच्या मधे कारंजी आणि बाकं असलेले उघडे चौक. गाड्या साऱ्या बाहेरच्या कड्यात. दुकानांचा माल आणणारे ट्रक जमिनीखालच्या बोगद्यातून यायचे, म्हणजे चौकात बसलेल्या माणसासमोर ट्रक येण्याचा प्रश्नच नव्हता. ही मांडणी गाजली आणि धंदाही उत्तम झाला.

मिनियापोलिसच्या डेटन्स या डिपार्टमेंट स्टोअरच्या घराण्याला शहराबाहेर असंच काहीतरी हवं होतं. साउथडेलची घोषणा नॉर्थलँड उघडण्याआधीच, १९५२ मध्ये, झाली होती, पण इथे उघडे चौक चालण्यासारखे नव्हते. जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर जातो, उन्हाळ्यात घाम फुटतो. खरेदीला बाहेर पडावं अशी हवा वर्षात जेमतेम १२६ दिवस, असा हिशेब मांडला गेला. मग चौकावर छत आलं. बागेसारखा मोठा अंगणवजा चौक, त्यात पक्ष्यांचा उंच पिंजरा, तळं, कॅफे, शिल्पकार हॅरी बर्टोइयाची सोनेरी झाडं. बाहेर बर्फ पडत असला तरी आत वसंत. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार माणसं आली. २ कोटी डॉलर खर्च, सुमारे ८ लाख चौरस फूट बांधकाम, ७२ दुकानं, आणि ५,२०० गाड्यांची जागा.

या शेवटच्या आकड्याकडे आपल्याला परत यायचं आहे. त्याआधी या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट.

एक इमारत, दोन तळमजले

व्यापारी माणसाला विचारा, वरच्या मजल्यावरचा गाळा घेशील का? तो आधी भाडं पाडून मागेल. जिना चढून गिऱ्हाईक वर येत नाही, हे तुळशीबागेतल्या दुकानदारालाही माहीत आणि मिनियापोलिसच्याही. ग्रुएनपुढे अडचण अशी होती की एकाच मजल्यावर सगळी दुकानं पसरली असती तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पायपीट फार झाली असती. बंदिस्त इमारत, छत, तापवण्याचा आणि गार करण्याचा खर्च, हे सगळंही फुगलं असतं. आटोपशीरपणासाठी दोन मजले हवेत. पण मग वरच्या मजल्याचं करायचं काय?

त्याने उत्तर वाहनतळात शोधलं. वाहनतळ दोन पातळ्यांवर बसवले. काही भागात गाडी लावली की माणूस सरळ चालत खालच्या मजल्यावर आत येतो, दुसऱ्या भागात लावली की तसाच सरळ वरच्या मजल्यावर. दोन्हीकडे एक पायरीही चढायची नाही. इमारतीला दोन तळमजले मिळाले. पहिल्यांदा मी याचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखा नकाशा, काढून बघितला तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. इतकी साधी युक्ती, आणि तिने भाड्याचा, पायपिटीचा आणि जिन्याचा असे तिन्ही प्रश्न एका फटक्यात सोडवले. दरवाजा कुठे ठेवायचा हे गाडी कुठे लागते यावर ठरतं, आणि दुकानाचा धंदा दरवाजावर ठरतो. म्हणजे पार्किंगचा नकाशा हाच दुकानांच्या भाड्याचा नकाशा. आजही आपल्याकडे दुमजली तळघराच्या लिफ्ट कुठल्या मजल्यावर, कुठल्या दुकानासमोर उघडतात यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जी ओढाताण चालते, तिचं मूळ हेच आहे.

आतली मांडणीही त्याच तर्काची. डेटन्स एका बाजूला, आणि त्यांचा थेट प्रतिस्पर्धी डोनाल्डसन्स दुसऱ्या बाजूला. आपल्याच मॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला बोलावणं हे त्या काळी धाडसाचं होतं. मधे चौक आणि छोटी दुकानं. दोन मोठी दुकानं दोन खुंट्यांसारखी, आणि माणसांची ये-जा त्या खुंट्यांना बांधलेल्या दोरीसारखी. दोन्हीकडे जायचं म्हणजे मधल्या छोट्या दुकानांवरून जावंच लागतं. मोठ्या दुकानाचं दार वाहनतळाकडेही असतंच, पण माणूस एकदा आत शिरला की पुढचं चालणं चौकातूनच होतं. आत चालताना कुठेही गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. मुलाचा हात सोडला तरी आईच्या पोटात गोळा येत नाही. ग्रुएनला जे चालणं अभिप्रेत होतं ते आत शंभर टक्के साधलं होतं, हे मान्यच करायला हवं.

बाहेरचाही विचार झाला होता. हजारो गाड्यांत आपली गाडी सापडायची कशी? वाहनतळाच्या भागांना प्राण्यांच्या चित्रांच्या पाट्या लावल्या होत्या. आकडा विसरतो, प्राणी लक्षात राहतो, आणि सोबत मूल असेल तर ते आपल्याआधी सांगतं. आजच्या आपल्या तळघरांत 'बी-२, एफ-१७' असं खांबावर रंगवलेलं असतं आणि माणसं फोनने त्याचा फोटो काढून ठेवतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं की हरवलेल्या माणसाला आकड्यापेक्षा चित्र बरं.

चार एकर गाड्या, एक एकर इमारत

आता ५,२०० कडे येऊ.

एक गाडी उभी करायला लागणारी जागा म्हणजे फक्त तिचा आयत नव्हे. तिला आत येऊन वळायची वाट, मागे घ्यायची वाट, ओळीच्या टोकाची वळणं, हे सगळं धरलं तर अमेरिकेत दर गाडीमागे साधारण ३०० ते ३५० चौरस फूट धरतात. मधला आकडा ३२५ घेऊ. ५,२०० गुणिले ३२५ म्हणजे १६ लाख ९० हजार चौरस फूट. जवळजवळ ३९ एकर. आणि इमारत? ८ लाख चौरस फूट बांधकाम ढोबळपणे दोन मजल्यांत विभागलं तर पायाशी ४ लाख, म्हणजे नऊ-सव्वानऊ एकर. गाड्यांच्या चार एकरांमागे इमारतीचा एक एकर.

हे चौकोन करून बघू. अठ्ठेचाळीस एकरांचा चौरस केला तर बाजू येते सुमारे १,४४५ फूट. मधे नऊ एकरांची चौरस इमारत बसवली तर तिची बाजू सुमारे ६३० फूट. उरलेलं दोन्हीकडे वाटलं की इमारतीच्या भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत चारशे फुटांचा पट्टा उरतो. सव्वाशे मीटर. हा माझा कागदावरचा चौकोन आहे, खरी जमीन इतकी नेमकी चौरस नसते. पण अंतराचा अंदाज येतो. धट्टाकट्टा माणूस सव्वाशे मीटर दीड-दोन मिनिटांत जाईल. हातात पिशव्या, कडेवर मूल, समोर बोचरा वारा आणि पायाखाली घट्ट झालेला बर्फ असेल तर?

आणि ही दोन मिनिटं माणूस कशातून चालतो हे बघायला हवं. वाहनतळाच्या ओळी इमारतीला समांतर टाकल्या, तर गाडीची एक वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचे बे मिळून साधारण ६० फुटांचा एक पट्टा होतो. चारशे फुटांत असे सहा-सात पट्टे. दारापर्यंत जायला तितक्या वेळा गाड्यांच्या फटींतून निघायचं आणि वाट ओलांडायची. उभ्या गाडीच्या मागून मूल पुढे येतं तेव्हा चालकाला ते दिसत नाही, कारण बॉनेट त्याच्या डोक्याइतकं उंच असतं. म्हणून जाणकार ओळी इमारतीला काटकोनात टाकायला सांगतात. मग चालणारा कुठे जाईल? गाडीच्याच वाटेतून, सरळ, दारापर्यंत. निदान चालकाला तो समोर दिसतो. समांतरपेक्षा काटकोन बरा, यात वाद नाही. पण त्या वाटेतले चालक जागा शोधत असतात. त्यांची नजर डावी-उजवीकडच्या रिकाम्या बेवर असते, समोर नसते. कुणीतरी मागे घेत बाहेर येतंय म्हणून थांबतात, मागचा हॉर्न वाजवतो. त्यात माणसं चालतात, ढकलगाडी रेटत.

शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. इमारतीच्या भिंतीला लागून, दारांसमोरून, एक फेरीचा रस्ता असतो. सगळ्या वाटा त्याला येऊन मिळतात. ज्याला दाराजवळची जागा हवी तो याच रस्त्यावर घिरट्या घालतो, ज्याला बायको-मुलांना दारात सोडायचंय तो इथेच थांबतो. म्हणजे वाहनतळात सर्वांत जास्त गाड्या जिथे फिरतात, नेमकं तिथूनच प्रत्येक चालणाऱ्याला पलीकडे जावं लागतं. या वीस-पंचवीस फुटांना मी 'उंबरठा' म्हणतो. मॉलचा खरा उंबरठा काचेच्या दरवाजात नसतो, तो इथे असतो.

ग्रुएनने गाड्या बाहेर आणि माणसं आत अशी विभागणी केली आणि ती फार चोख केली. राहून गेला तो मधला माणूस. गाडीतून उतरलेला, पण अजून आत न पोहोचलेला. तो आता चालक नाही आणि अजून गिऱ्हाईकही नाही. नकाशात त्याच्या नावाची जागाच नव्हती. आणि जो गाडीतून आलाच नाही, शेजारच्या घरातून किंवा बसथांब्यावरून चालत निघाला, त्याच्यासाठी ते चारशे फूट म्हणजे पलीकडे काहीतरी दिसणारं डांबराचं मैदान. वस्तीतली पायवाट त्या मैदानाच्या काठाशी येऊन संपते.

पन्नास आठवड्यांचं रिकामं मैदान

एवढी जागा लागतेच का, हा प्रश्न साहजिक आहे. १९६५ मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने शॉपिंग सेंटरसाठी भाड्याने देण्याजोग्या दर हजार चौरस फुटांना ५.५ गाड्या असं प्रमाण सुचवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यास करून ते आकारमानानुसार ४ ते ५ वर आणलं. हे प्रमाण ठरतं कशावरून, तर वर्षातल्या विसाव्या क्रमांकाच्या गर्दीच्या तासावरून. दुकानं उघडी असण्याचे वर्षाचे तास तीन हजारांवर. त्यातल्या एकोणीस तासांत जागा कमी पडली तर चालेल, बाकी कायम पुरली पाहिजे. आणि ते गर्दीचे तास येतात थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) ते नाताळ या आठवड्यांच्या शनिवारी-रविवारी. उरलेलं जवळजवळ सगळं वर्ष मैदानाचा बाहेरचा कडा मोकळा राहतो.

मोकळा असूनही तो चालणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो, हे मला नेहमी खटकतं. रिकाम्या वाहनतळात गाड्या आखलेल्या वाटांनी जात नाहीत, तिरक्या जातात आणि वेगाने जातात. गर्दीच्या दिवशी माणूस गाड्यांच्या दाटीत सापडतो, रिकाम्या दिवशी वेगात. झाड नाही, सावली नाही, बसायला कट्टा नाही. वाऱ्याला आडोसा नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये नामवंत अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट साउथडेल बघायला आला आणि बागेच्या चौकावर बरसला: यात खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष आहेत आणि गोडी कसलीच नाही. मला राइटचं हे म्हणणं अर्धवट वाटतं. चौक चांगला होता, लोकांनी तो आपलासा केला होता. चूक चौकात नव्हती, चौकाच्या बाहेर होती.

मूळ आराखडा काय होता हे बघितलं म्हणजे हळहळ वाटते. डेटन्सकडे साडेचारशेहून जास्त एकर जमीन होती. मॉल मधोमध, आणि भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं अशी वस्ती ग्रुएनने काढली होती. त्यात वाहनतळाच्या पलीकडे माणसं राहणार होती, चालत येणार होती. त्यातलं बरंचसं झालं नाही. मॉल झाला आणि भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. मग जमीन तुकड्यातुकड्यांत विकणं जास्त फायद्याचं ठरलं. १९६५ मध्ये जवळच रुग्णालय आलं, पण तेही आपापलं वाहनतळ घेऊन. प्रत्येक इमारत आपल्या डांबराच्या खंदकात उभी. त्याच सुमाराला देशभर मॉलचं पीक आलं. १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतीची घसारावजावट (इमारत जुनी होण्यापोटी करात मिळणारी सूट) पहिल्या वर्षांत भराभर घेता येऊ लागली होती, त्यामुळे पैसेवाल्यांना शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवी इमारत उभारणं सोयीचं झालं. त्यांनी साउथडेलमधून नेमकं काय उचललं? बंद खोकं आणि भोवतीचं पार्किंग. वस्ती, तळं, शाळा कागदावरच राहिलं.

ग्रुएनने नंतर याच विचारावर शहरांसाठी आराखडे केले. १९५६ मध्येच टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या मध्यभागासाठी त्याने वळसारस्ता, त्याच्या आत सहा प्रचंड वाहनतळ इमारती आणि मधे फक्त चालणाऱ्यांचं शहर असा आराखडा दिला. तो प्रत्यक्षात आला नाही. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला. तिथल्या जुन्या गाभ्यातून गाड्या काढण्याच्या कामात त्याचा विचार उपयोगी पडला. केर्न्टनर श्ट्रासे हा तिथला मुख्य बाजाररस्ता १९७० च्या दशकात चालणाऱ्यांचा झाला. पण १९७६ मध्ये व्हिएन्नाच्याच दक्षिणेला शॉपिंग सिटी स्यूड नावाचं अवाढव्य मॉल उघडलं, भोवती गाड्यांचा तसाच समुद्र घेऊन. १९७८ मध्ये लंडनमधल्या भाषणात त्याने मॉलचं पितृत्व नाकारलं. या अनौरस संततीची पोटगी मी देणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. दोन वर्षांनी गेला.

डांबरावर घरं

साउथडेलमध्ये गेल्या काही वर्षांत जे चाललंय ते मला त्याच्या पहिल्या दिवसाच्या गर्दीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. वाहनतळाच्या कोपऱ्यात २०१४ च्या सुमारास वन साउथडेल प्लेस ही राहण्याची संकुलं उभी राहिली. त्या डांबरावर हॉटेल आलं. जुनं जेसी पेनी दुकान पाडून २०१९ मध्ये मोठी व्यायामशाळा झाली. बसचं स्थानक तिथेच आहे. शेजारच्या मिनियापोलिस शहराने २०२१ मध्ये नव्या बांधकामावरची पार्किंगची किमान सक्तीच काढून टाकली. गाड्यांची मोकळी जागा हळूहळू इमारतींनी भरतेय. ग्रुएनच्या १९५२ च्या कागदावर जी घरं होती, ती साठ वर्षांनी, त्याच्याच वाहनतळाच्या जागेवर.

पण घर बांधलं म्हणून चालायला वाट तयार होत नाही. घरातून मॉलपर्यंत जायला उरलेल्या वाहनतळातून गेलेली, गाड्यांपेक्षा वर उचललेली, झाडं लावलेली सलग वाट लागते, आणि शेवटी तो फेरीचा रस्ता ओलांडायचाच असतो. जुन्या मॉलच्या जागेवर काम करणाऱ्या कुणाशीही बोला, सगळ्यात जास्त डोकेफोड याच एका पट्ट्यावर झालेली असते.

एक शनिवार संध्याकाळ

हे सगळं ईडायनातलं. आता माझ्या शहरातली एक संध्याकाळ सांगतो. मॉलचं नाव घेत नाही, कारण असे बरेच आहेत.

मी पलीकडच्या फुटपाथवर उभा होतो, टेप आणि वही घेऊन. एक बाई रिक्षातून उतरली, कडेवर वर्षाचं बाळ, हाताला चार-पाच वर्षांची मुलगी. मॉलच्या फाटकाला दोन वाटा होत्या, आत आणि बाहेर, दोन्हींवर खाली-वर होणारा दांडा. रस्त्याचा फुटपाथ फाटकाशी येऊन तुटलेला, तिथून ड्राइव्ह-वेचा, म्हणजे गाड्यांच्या आत जाणाऱ्या रस्त्याचा, उतार सुरू. आत जाणाऱ्या वाटेवर एका मोठ्या गाडीची डिकी उघडून रक्षक तपासणी करत होता. ती बाई त्या गाडीच्या मागे थांबली. रक्षकाने तिला हाताने 'थांबा' केलं, मग गाडी गेल्यावर दांडा आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून जायला खुणावलं. ती अंग चोरून, मुलीला पुढे ढकलून, गेली. नंतर मी ती फट मोजली. ५५ सेंटिमीटर. व्हीलचेअरला किमान ९० लागतात. पुढे ती तळघराच्या रॅम्पच्या तोंडासमोरून गेली, जिथून खालून येणाऱ्या दुचाक्या दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. मुलगी आवाज आला तेव्हा जागीच थिजली. बाई ओरडली, 'अगं चल, थांबू नको!' आणि तिला ओढून पलीकडे नेलं.

साउथडेलमध्ये तो उंबरठा जमिनीवर पसरलेला होता. आपण तो तळघरात नेला, जमीन महाग म्हणून. गाड्या नजरेआड गेल्या, पण मधला माणूस तिथेही आहे. लिफ्टला रांग असली की तो गाड्यांच्या रॅम्पवरून चालत वर येतो. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ पेक्षा चढा उतार चालत नाही आणि गाड्यांचे रॅम्प याहून चढे असतात, शिवाय पावसाळ्यात निसरडे. दुचाकीवाल्याला तर दुसऱ्या तळघरात पाठवतात. सर्वांत जास्त माणसं दुचाकीवर येतात आणि सर्वांत लांबून चालतात तीच.

त्यानंतरच्या एका कामात, एका मध्यम आकाराच्या व्यापारी संकुलात, मी लाल रेघ आधी ओढली. रस्त्याचा फुटपाथ ड्राइव्ह-वेवर तुटू द्यायचा नाही, तोच सलग न्यायचा आणि गाडीने त्यावर चढून हळू जायचं. चालणाऱ्याचं फाटक वेगळं, बसथांब्याच्या बाजूला, रॅम्पच्या तोंडापासून दूर. आणि मोकळ्या वाहनतळात फाटकापासून दारापर्यंत १.८ मीटरची उचललेली वाट, सगळ्या ओळी आडव्या छेदून जाणारी.

आडव्या छेदाची किंमत साधी असते. प्रत्येक ओळीतला एक बे जातो. बे २.५ मीटर रुंद, वाट १.८ मीटर, उरलेल्या जागेत दोन्ही कडांना खांब किंवा झाडाचं आळं, म्हणजे गाडीचं नाक वाटेवर येत नाही. आमच्याकडे आठ ओळी होत्या. आठ गाड्या.

मालकांनी आकडा ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, 'अहो साहेब, आठ गाड्या म्हणजे शनिवारी आठ कुटुंबं परत जाणार.' मी त्यांना तिथेच बाहेर उभं केलं आणि पंधरा मिनिटं मोजायला लावलं, चालत किती आले आणि गाडीने किती. त्यांनी स्वतः काड्या मारल्या. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आठपैकी सहा बे मिळाले. उरलेल्या दोन ओळींत वाट बेंना वळसा घालून जाते. नकाशात तो वळसा नीट दिसतो. प्रत्यक्षात तिथे कुणी वळत नाही, सगळे गाड्यांच्या मधून सरळ जातात, आणि कोपऱ्यावर लावलेलं झाड पायांनी तुडवलं जाऊन दोनदा मेलं आहे.